गळिताआधी ट्रॅक्टरचं स्टिअरिंग : कामाची वही

२२ सप्टेंबर २०२५

आज घट बसले. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला अजून महिनाभराच्या वर अवधी आहे, म्हणून आजच सगळ्यांना निरोप धाडला. कोल्हापूरच्या गगनबावडा रोडवर बालिंग्यापासून कळ्यापर्यंत ज्यांचे ट्रॅक्टर ऊस ओढतात आणि माझ्या गॅरेजला दुरुस्तीला येतात, त्यांनी दिवाळीच्या आत एकेक करून ट्रॅक्टर स्टिअरिंग तपासायला आणावा. इंजिन, क्लच, हायड्रोलिक यांचं ज्याचं त्याला कळतं. धूर यायला लागला, क्लच घसरला, की मालक स्वतःच्या पायानं गॅरेजला येतो. स्टिअरिंगचं तसं नाही. प्ले, म्हणजे चाकं वळायच्या आधीचा स्टिअरिंगचा रिकामा फिरवा, रोज केसभर वाढतो आणि ड्रायव्हरचा हात रोज तेवढाच सवयीनं भरून काढतो. वर्षभरानं स्टिअरिंग दोन्ही अंगाला मोकळंच फिरत असतं आणि चालवणारा म्हणतो, "काय न्हाई मिस्त्री, मस्त चाललंय."

या ट्रॅक्टरांनी पावसाळ्यात चिखलणी केली आहे. पुढची चाकं हबच्या वरपर्यंत पाण्यात होती. जिथं जोडांवरचं रबर फाटलंय तिथून गाळ बॉल जॉइंटमध्ये (गोळा आणि वाटीचा जोड) गेला, किंगपिनखालच्या (किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये गेला. त्यानंतर ट्रॅक्टर गोठ्याच्या कडेला उभाच. आता हाच ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रस्त्याला लागणार. चढाला ओढताना वजन मागच्या चाकांवर जातं, तोंड हलकं होतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते. तेव्हा स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, आणि नेमका तेव्हाच पहिला फिरवा रिकामा जातो. ट्रॉलीत मोळ्यांवर तोडणीच्या टोळीतली माणसं बसलेली असतात, कधी लेकरंही. ते बघून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे काम हाती घेतलं.

पद्धत अशी ठरवली : प्रत्येक ट्रॅक्टरला वहीत एक पान. खोलण्याआधीचं माप, नंतरचं माप, काय बदललं आणि का. जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. माप घेतल्याशिवाय कुठलाही नट सोडायचा नाही आणि कुठलाही स्क्रू आवळायचा नाही.

२४ सप्टेंबर

पहिला ट्रॅक्टर अण्णांचा. ३९ हॉर्सपॉवर, साधं मेकॅनिकल स्टिअरिंग, एकच ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक डाव्या अंगाला. म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून (स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाची दातांची पेटी) खाली लोंबणारा ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंकची दांडी, ती डाव्या चाकाच्या स्टिअरिंग आर्मला, आणि डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे टाय रॉड. जोर ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं प्ले शोधायचा.

सपाट फरशीवर उभा केला, चाकं सरळ, मागच्या चाकांना उट्या, इंजिन बंद. जॅक लावला नाही. चाकांवर वजन असतानाच जॉइंटमधली फट खरी कळते. चाक अधांतरी असलं की सगळंच एकदम हलतं आणि काहीच कळत नाही. डॅशबोर्डला एक ताठ तार बांधली, तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेपाशी आणलं, कडेवर पांढरी टेप चिकटवली. डावीकडचा ढिलेपणा संपेपर्यंत स्टिअरिंग हळू फिरवलं आणि टेपवर पहिली रेघ मारली. तिथून उजवीकडे हळूहळू फिरवत गेलो आणि जो पार्ट हलायला लागेल त्या क्षणी रेघ मारत गेलो. कळंब्याच्या आयटीआयमधून आलेलं पोरगं खाली बसून "हाललं" म्हणून ओरडत होतं.

माप :
ड्रॉप आर्म हलला : ३ सेंमी
डावं चाक हललं : ७ सेंमी
उजवं चाक हललं : साडेनऊ सेंमी

या तीन रेघांतच अर्धं निदान झालं. पहिले ३ सेंमी कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) आणि बॉक्सचे. ३ ते ७ म्हणजे ४ सेंमी ड्रॅग लिंकच्या दोन टोकांचे आणि डाव्या स्टिअरिंग आर्मच्या पकडीचे. शेवटचे अडीच सेंमी टाय रॉडचे आणि उजव्या आर्मचे. बहुतेक ठिकाणी फक्त जवळचं चाक बघून माप घेतात, म्हणून टाय रॉडची झीज सुटून जाते. लांबचं चाकही बघायलाच पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ९८ स्टिअरिंगचा. बॅकलॅश, म्हणजे प्ले, स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, आणि जिथं बोल्ट किंवा पिन आहे तिथं तो लॉक केलेला हवा. अण्णांचं स्टिअरिंग ४२ सेंमी व्यासाचं आहे, घेर साधारण १३२ सेंमी. ३० अंश म्हणजे त्याचा बारावा भाग, ११ सेंमी. साडेनऊ म्हणजे सुमारे २६ अंश. प्लेपुरता कायद्यानं ट्रॅक्टर पास झाला. मी पास करत नाही. ११ सेंमी ही त्यापलीकडे गाडी रस्त्यावर आणूच नये अशी हद्द आहे. तिथपर्यंत झिजवत न्यायला मिळालेली सवलत नव्हे. आज साडेनऊ असलेला हा ट्रॅक्टर हंगामाच्या मध्यावर कुठं जाईल?

अण्णांना रेघा दाखवल्या. बराच वेळ बघून म्हणाले, "मला वाटलं बॉक्स गेला. बॉक्सच बदलायचं डोक्यात हुतं." बॉक्सचा वाटा साडेनवातला तीन.

२५ सप्टेंबर

आज बोटानं तपासणी. पोरगं वर बसून स्टिअरिंग तळहाताएवढं डावीउजवीकडे हलवत राहिलं, आणि मी एकेका जॉइंटवर बोट ठेवत गेलो. बोट ठेवायची जागा नेमकी हवी : अर्धं बोट बॉलच्या खांबावर, अर्धं सॉकेटच्या कडेवर. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला फट कळते. चांगल्या जॉइंटमध्ये दोन्ही भाग एकदमच सरकतात. झिजलेल्यात आधी एक सरकतो, मग टक् होऊन दुसरा.

ड्रॅग लिंकचं मागचं टोक, ड्रॉप आर्मकडचं : हलकासा टक्. पुढचं टोक : स्पष्ट टक्, आणि रबर खालच्या बाजूनं चिरलेलं. चिरेतून बोटानं ग्रीस काढलं तर ते लालसर तपकिरी होतं. दोन बोटांत चोळलं की खरखर लागली. तो रंग लोखंडाच्या गंजाचा आणि ती खरखर शेतातल्या मातीची. असल्या जॉइंटला वरून कितीही ग्रीस मारलं तरी आतली झीज भरून येत नाही.

टाय रॉडची उजवी बाजू गेलेली, डावी ठीक. पोरगं टाय रॉड हातात धरून स्वतःभोवती फिरवत म्हणालं, "हे बगा, हाबी ढिला हाय." तो ढिला नाही. दोन्ही टोकांना बॉल असला की रॉड स्वतःभोवती थोडा फिरतोच, फिरायलाच हवा. बघायचं ते वरखाली आणि लांबीच्या दिशेनं. हा फरक माहीत नसल्यानं चांगले जॉइंट फेकले जातात आणि खराब तसेच राहतात.

ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं आणि टाय रॉडचं उजवं टोक बदलायचं ठरलं. टाय रॉडचं डावं टोकही बदलावं असं मी सुचवलं नाही. ते चांगलं आहे.

खोलताना नटवर हातोडा मारायचा नाही. आट्या चेंबतात आणि पिन तिथंच राहते. नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवायचा, आर्मच्या डोळ्याच्या (पिन बसते त्या भोकाच्या) एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूनं ठोका द्यायचा. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, सुटतो. नवीन बसवताना टेपर आणि डोळा दोन्ही चिंधीनं कोरडे पुसले, टेपरवर मार्करची शाई लावून एकदा बसवून काढला. शाई चहूबाजूंनी पुसली गेली म्हणजे बसणी पूर्ण आहे. एका अंगालाच पुसली गेली असती तर डोळा लांबट झालाय असं समजून आर्मच बदलावा लागला असता. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढं आवळून जुळवायचं, सैल करून कधीच नाही.

संध्याकाळी माप : ड्रॉप आर्म ३, डावं चाक साडेतीन, उजवं चाक ४. बॉक्सला अजून हात लावलेला नाही.

२९ सप्टेंबर

आजचं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कोगे गावाकडचे एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. "प्ले अजिबात न्हाई, गेल्या महिन्यात काढून घेतलाय. पर वळवताना हात भरून येत्यात." माप घेतलं : ड्रॉप आर्म सव्वा सेंमीलाच हलला. बॉक्समध्ये इतका कमी प्ले जुन्या मेकॅनिकल स्टिअरिंगला शोभत नाही. समोरून जॅक लावून दोन्ही चाकं उचलली, खाली घोड्या (लोखंडी आधार) दिल्या, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मधोमध ठीक. डावीकडे अर्धा फेरा गेल्यावर जड. आणखी पुढं इतकं जड, की सोडल्यावर तिथंच थांबलं.

बॉक्सच्या साइड कव्हरवर एक स्क्रू असतो, वर लॉकनट. त्यानं आतले दात जवळ आणता येतात. बॉक्सची रचना अशी, की दात मधोमध, म्हणजे चाकं सरळ असताना, सगळ्यात घट्ट बसतात आणि बाजूला गेलं की थोडे मोकळे होतात. आयुष्यभर ट्रॅक्टर जास्तीत जास्त सरळच चालतो, म्हणून झीजही मधोमधच होते. झिजलेल्या मध्यावर स्क्रू घट्ट आवळला की न झिजलेल्या बाजूंना दात अडकायला लागतात. गाडी वळते, पण परत येत नाही. वळणावरून बाहेर पडताना हे होणं हे ढिल्या स्टिअरिंगपेक्षा वाईट आहे.

लॉकनट सोडून स्क्रू मागं घेतला. लगेच खरं चित्र बाहेर आलं : ड्रॉप आर्म अडीच, डावं चाक ६. जास्तीचा प्ले ड्रॅग लिंकमध्ये होता. ड्रॅग लिंकच्या ढिलेपणाची भरपाई बॉक्समधून केली होती. ज्यानं केलं त्याला काकांना खूश करून पाठवायचं असेल, आणि त्या दिवशी काका खूशही झाले असतील. पण तो ढिला बॉल जॉइंट होता तिथंच राहिला. एक दिवस बॉल सॉकेटमधून निसटला असता आणि स्टिअरिंग नुसतं फिरत राहिलं असतं, तेही प्ले "काढल्यावर".

बॉक्समध्ये ऑइल किती आहे ते बघितलं. ९० नंबरचं गिअर ऑइल, प्लगपासून बरंच खाली. खालच्या सीलमधून गळती. सील बदललं, ऑइल भरलं, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं नवीन. मग चाकं सरळ ठेवून, मधोमध, स्क्रू थोडा थोडा पुढं घेतला. प्रत्येक वेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघितलं. बाजूला जरासं जड लागलं की तिथून मागं. शेवटी ड्रॉप आर्म २, डावं चाक अडीच, उजवं ३. फिरायला हलकं.

काकांना सांगितलं, "थोडा प्ले राहणारच. तो राहू द्या. कुणी काढून देतो म्हणालं तर आधी माझ्याकडे या."

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. काम बंद. पाने, पहारी, जॅक, घोड्या धुऊन पुसून मांडल्या, पूजा केली. पुसताना दिसलं की मोठ्या जॅकचं सील पाझरतंय. तो बाजूला काढला. घोडी लावल्याशिवाय ट्रॅक्टरखाली कुणी हातही घालायचा नाही हे पोराला पुन्हा बजावलं.

६ ऑक्टोबर

अण्णांचा ट्रॅक्टर पुन्हा. लिंकेज (दांड्या आणि त्यांचे जॉइंट) झालं, आता किंगपिन आणि सेंटर पिन.

पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. त्यामुळं एक चाक उचलताना ट्रॅक्टर दुसऱ्या अंगाला कलंडू शकतो. आधी एक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या, मग जॅक.

उजवं चाक वर आणि खाली धरून हलवलं : किंचित. कारला पुढं ब्रेक असतो, तो दाबून धरला की बेअरिंगची हालचाल बंद होते आणि उरते ती बॉल जॉइंटची. ट्रॅक्टरला पुढं ब्रेक नाही. म्हणून आधी हबचं टोपण काढून बेअरिंग नीट केलं : चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग जवळच्या खाचेपर्यंत मागं घेतला, नवी स्प्लिट पिन. परत हलवलं, हालचाल गेली. म्हणजे उजवीकडं फक्त बेअरिंग सैल होतं.

डावीकडं बेअरिंग नीट केल्यावरही चाक वरखाली कलतच राहिलं. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर किंगपिन खालच्या बुशमध्ये (पिनभोवतीची धातूची नळी) सरकताना दिसत होती, प्रत्येक हिसक्याला बुशच्या कडेनं काळं पाणी येत होतं. खोललं. खालचं बुश पुढंमागं ३६.१ मिमी, आडवं ३५.४. मूळचं गोल ३५. पिन स्वतः खालच्या जागी ३४.६ पर्यंत गेलेली. थ्रस्ट बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे.

अण्णा कळवळून म्हणाले, "आवो, दर आटवड्याला ग्रीस मारतोय मी सोता. हितं मारताना बाहीर लई येतं, तरीबी मारतोय." त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, ट्रॅक्टर तसा ठेवलेलाच आहे. मग बुश ग्रीसवाचून एवढं कोरडं कसं? ग्रीस निपल काढला आणि भोकातून तार घातली. तार बुशच्या पाठीला जाऊन थटली. बुशला ग्रीसचं भोक होतं, पण बुश मागं कधीतरी बसवताना ते भोक निपलसमोर न येता भलत्याच अंगाला गेलेलं. इतकी वर्षं अण्णांनी मारलेलं ग्रीस निपलच्या तोंडातून उलटं बाहेर येत होतं, आत थेंबही जात नव्हता.

नुसतं बुश बदलून दिलं असतं तर पुढच्या हंगामाला हीच झीज परत आली असती. झिजलेला पार्ट हातात आला की तो का झिजला हे कळेपर्यंत त्याला फेकू नये, असं मला फार वाटतं.

८ ऑक्टोबर

उद्यमनगर. डाव्या बाजूला नवी किंगपिन घेतली. झिजलेल्या पिनला बुश लहान करून घालता येत नाही. पिनची झीज एका अंगाला जास्त, बुश मात्र गोल. नवी पिन मायक्रोमीटरनं ३४.९५ मोजली. नेहमीच्या टर्नरकडं गनमेटलची दोन बुशं करायला दिली. बाहेरचा व्यास एक्सलच्या घराला घट्ट दाबून बसेल असा, आतला जरा कमी ठेवायला सांगितला, कारण दाबून बसवल्यावर बुश आकसतं आणि मग रीमरनं मापात आणायचं असतं. आत ग्रीसची नागमोडी खाच, आणि भोक कुठं हवं त्याची खूण मी स्वतः खिळ्यानं बुशच्या तोंडावर मारून घेतली, म्हणजे बसवताना अंदाज करायला नको. टर्नर माझ्याहून वयानं मोठे. खूण बघून म्हणाले, "हे बरं केलंस. भोकाची खूण कुणी मागत न्हाई."

उद्यमनगरात असं एखादं बुश चहा होईतोवर डोळ्यांसमोर करून मिळतं, ही कोल्हापूरच्या गॅरेजवाल्यांची मोठी सोय आहे. तरीही कितीतरी ट्रॅक्टरांत पत्र्याची पट्टी गुंडाळून बुशची फट भरलेली मी बघतो, त्याचं वाईट वाटतं.

१० ऑक्टोबर

बुशं दाबून बसवली. बसवल्याबरोबर निपलच्या भोकातून तार घातली, सरळ आतपर्यंत गेली. रीमर फिरवून ३५.०२. पिन हातानं बसते, हातानं फिरते, कलत नाही. नवीन थ्रस्ट बेअरिंग, नवीन धूळ-सील. ग्रीस मारताना चाक जॅकवर उचललेलंच ठेवलं. वजन खाली असलं तर थ्रस्टच्या तोंडाला फट नसते आणि ग्रीस तिथं पोचत नाही. वरून आणि खालून दोन्हीकडून स्वच्छ ग्रीस बाहेर आलं, तेव्हा थांबलो. अण्णांनाही तसंच दाखवून दिलं : उचलून मारायचं, आणि दोन्हीकडून बाहेर यायला पाहिजे.

सेंटर पिनला पहार लावून एक्सल पुढंमागं रेटला. हालचाल नावाला. ठेवली.

बॉक्स : मधोमध स्क्रू अगदी थोडा पुढं. कॉलम धरून वरखाली ओढून बघितला, उभा प्ले नाही.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत असणं, सगळ्यात शेवटी. जॉइंट ढिले असताना टो-इन मोजणं म्हणजे वाळूवर रेघ मारणं. हबच्या उंचीला दोन्ही रिमवर पुढच्या अंगाला खडूची खूण, अंतर मोजलं. ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढं ढकलून त्याच खुणा मागं आणल्या, परत मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ९ मिमी जास्त, म्हणजे चाकं बाहेर तोंड करून चालत होती. टायरवर हात फिरवला तर रिबच्या कडा एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारख्या लागत होत्या. ट्रॅक्टरच्या पुस्तकात ३ ते ६ मिमी आत हवंय. टाय रॉडचे लॉकनट सोडून ४ मिमी आत आणलं, लॉकनट आवळले.

शेवटचं माप : ड्रॉप आर्म २, डावं चाक अडीच, उजवं ३.

रस्त्यावर अण्णा स्वतः बसले. बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. "आता हात सोडला तरी सरळच जातोय," म्हणाले. हात सोडू नका, म्हणालो.

१२ ऑक्टोबर

मध्येच एक शाळेची ओम्नी आली, मालक नेहमीचे दादा. ट्रॅक्टरच्या यादीत नाही, पण लेकरांची गाडी नाही म्हणवत नाही. तक्रार : खड्ड्यात डावीकडून खट्खट्.

इथं बॉक्स नाही, रॅक (दातांची सरळ दांडी) आणि पिनियन (तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक). रॅकला प्ले जवळपास नसतोच. स्टिअरिंगच्या कडेवर सेंमीभर मोकळं फिरलं तरी चौकशी करावी. या गाडीत अडीच सेंमी होता. बाहेरचे टाय रॉड एंड दोन्ही ठीक. मग रॅकच्या टोकाचा रबरी बूट मुठीत दाबून आतला बॉल धरला आणि दादांना स्टिअरिंग हलवायला सांगितलं. डावीकडं मुठीत टक् लागला. बुटाच्या घडीत खालच्या बाजूला चीर, वरून न दिसणारी. क्लिप काढून बूट मागं सारला तर आतून चमचाभर गढूळ पाणी पडलं. रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे, बोटाला लागतील असे.

दादांना वाटलं बूट बदलून भागेल. नवा बूट पाणी अडवेल, पण खड्डे पडलेला दांडा आतलं बुश खातच राहील. रॅक असेंब्लीच घ्यावी लागेल असं स्पष्ट सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्या दुसरी गाडी लावतो पोरांसाठी. तुम्ही करा." त्यांच्याविषयी आदर वाटला.

१६ ऑक्टोबर

पॉवर स्टिअरिंगचे दोन मोठे ट्रॅक्टर. यांच्यात स्टिअरिंगच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत लोखंडी जोड नाही, मधे फक्त ऑइल. म्हणून कडेवरच्या मापाला इथं अर्थ नाही. ड्रायव्हर लोक म्हणतात, पॉवरला प्ले येत नाही. येतो, पण हातापर्यंत पोचत नाही, आणि म्हणूनच इथं जास्त लक्ष द्यावं लागतं. इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवत, चाकं वळवणाऱ्या ऑइलच्या सिलिंडरची दोन्ही टोकं आणि टाय रॉड बोटानं तपासले. एकाचं सिलिंडरच्या टोकाचं बुश गेलेलं. दुसरा लिंकेजला चांगला, पण पूर्ण वळवून धरला तरी स्टिअरिंग हळूहळू सरकत राहतं. आत ऑइल एका बाजूकडून दुसरीकडं जातंय, सिलिंडरची सीलं बघावी लागतील. ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) घासल्याची खूण एका ठिकाणी, क्लिपची जागा बदलली.

२० नोव्हेंबर

उसाच्या खेपा सुरू आहेत. अण्णांचा ट्रॅक्टर फडातून परत येताना थांबवून माप घेतलं : डावं चाक २.७, उजवं ३.२. नवे टेपर बसले की थोडं सैलावणं अपेक्षितच. सगळ्या स्प्लिट पिना जागेवर, नट हलले नाहीत. किंगपिनच्या दोन्ही अंगांना स्वच्छ ग्रीसचं कडं.

काकांच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हलकं आहे, बॉक्समधून गळती नाही.

एक ट्रॅक्टर मात्र आजच नव्यानं आला, दिवाळीआधी न आलेल्यांपैकी. ड्रॉप आर्म वाकलेला वाटला म्हणून घासून रंग काढला, तर खाली वेल्डिंगची शिवण. आर्म मोडलेला, किंवा चिरलेला, जोडून वर रंग मारलेला. हा आर्म घडाईचा असतो, कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि मोडताना आधी काहीही कळवत नाही. मालक म्हणाले, एकच ट्रॉली लावून हळू चालवतो, नवा येईतोवर. त्यांना पटेपर्यंत समजावून सांगितलं, आणि ट्रॅक्टर गॅरेजमध्येच ठेवून घेतला. त्यांचा ऊस वाळू नये म्हणून अण्णांनी त्यांच्या दोन खेपा आपल्या ट्रॅक्टरनं ओढायचं कबूल केलंय.

नवा आर्म सोमवारी उद्यमनगरातून आणायचा. शाफ्टवरची आणि आर्मवरची खूण जुळवून बसवायचा, मग ड्रॅग लिंकची लांबी, मग टो-इन.